काम सांगण्याआधी



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींनी घरीच राहण्याचा विचार केला असेल, आणि तो मला मुळीच अनाठायी वाटत नाही. 'सॉफ्टवेअरसाठी संरचित प्रणाली-विश्लेषण' हे नावच असे आहे की, ऐकणाऱ्याला आपण चुकून परीक्षेच्या वर्गात येऊन बसलो की काय, अशी शंका यावी. तरीही आपण आलात, म्हणून प्रारंभीच एक आश्वासन देतो. या तासाभरात संगणकाच्या अंतरंगाविषयी मी फारसे बोलणार नाही. संगणकाला काम सांगण्यापूर्वी ते काम आपल्याला स्वतःला समजले आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे. हा प्रश्न यंत्राहून जुना आहे आणि तो आपल्या सर्वांचा आहे. कारण आज आपले वेतन, आपले वीजबिल, आपले निवृत्तिवेतन आणि आपल्या शेतमालाचे पैसे कोणीतरी कधीतरी समजून घेतलेल्या, किंवा न समजून घेतलेल्या, पद्धतीवर चालत आहेत.

प्रथम एक घरगुती उदाहरण घेऊ. आपल्या घरी दुधाचा रतीब आहे. ज्या दिवशी आपण गावाला गेलो किंवा गवळीच आला नाही, त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरातले कोणीतरी फुली मारते. हा खाडा. महिना संपला की, दिवस मोजायचे, खाडे वजा करायचे, दराने गुणायचे आणि पैसे चुकते करायचे. आता या व्यवहाराचा कागदावर नकाशा काढा. त्याला फक्त चार खुणा पुरतात. गवळी हा आपल्या हिशेबाच्या बाहेरचा माणूस, त्याला चौकोन. 'महिन्याचा हिशेब करणे' ही क्रिया, तिला वर्तुळ. कॅलेंडर हा माहिती साठवण्याचा ठिकाणा, त्याला दोन समांतर रेघा. आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती, म्हणजे दर, खाडे, देय रक्कम, हिला बाण. प्रत्येक बाणावर त्या माहितीचे नाव. झाला नकाशा. इंग्रजी जाणणारे याला 'डेटा फ्लो डायग्रॅम' म्हणतात; आपण 'माहितीप्रवाहाचा नकाशा' म्हणू.

नवशिक्या विद्यार्थी येथे हटकून दोन चुका करतो. पहिली म्हणजे तो नकाशात दूध काढतो. दूध येथे येत नाही. येते ती दुधाविषयीची माहिती. दुसरी म्हणजे तो आधी काय आणि नंतर काय हे दाखवू पाहतो. या नकाशात आधी-नंतर नसते. कोणत्या क्रियेला कोणती माहिती लागते आणि ती कोठून येते, एवढेच तो सांगतो. हे 'एवढेच' किती मोठे आहे, ते मी पुढे माझ्याच एका चुकीच्या आधाराने दाखवणार आहे.

त्याआधी थोडा इतिहास. लंडनमध्ये जे. लायन्स आणि कंपनी नावाची चहा-केकच्या दुकानांची मोठी पेढी होती. दिवसाला असंख्य छोटी बिले, हजारो नोकर, पै-पैचा नफा. या पेढीने १९३०च्या दशकापासून जॉन सिमन्स यांच्या देखरेखीखाली एक स्वतंत्र खाते चालवले होते. कचेरीतले काम कसे चालते, कोणता कागद कोणाकडे जातो, तो तेथे का जातो आणि न गेला तर काय बिघडेल, याचाच अभ्यास करणे हे त्या खात्याचे काम. १९४७ साली पेढीची दोन माणसे अमेरिकेत जाऊन नवी गणनयंत्रे पाहून आली. पुढे केंब्रिज विद्यापीठातल्या यंत्राच्या धर्तीवर पेढीने स्वतःचा संगणक बांधला. त्याचे नाव 'लिओ'. नोव्हेंबर १९५१ मध्ये पेढीच्या बेकरीतल्या मालाच्या मूल्याचा हिशेब या यंत्रावर नियमितपणे होऊ लागला. व्यापारी कामासाठी संगणक नित्य वापरात आल्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. यंत्राला काम समजावून देणाऱ्या मंडळींचा प्रमुख डेव्हिड कॅमिनर. त्याला पुष्कळ जण जगातला पहिला प्रणाली-विश्लेषक म्हणतात.

केक भाजणाऱ्या पेढीने असे यंत्र बांधावे, याचे आपल्याला नवल वाटते. पण नीट पाहिले तर त्यात नवल नाही. यंत्र येण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे ही माणसे आपल्याच कामाकडे परक्याच्या नजरेने पाहत होती. यंत्र आले तेव्हा त्याला काय सांगायचे हे त्यांच्यापाशी तयार होते. विद्या आधी होती, यंत्र मागून आले.

दुर्दैवाने पुढच्या काळात बहुतेक ठिकाणी क्रम उलटा झाला. यंत्रे स्वस्त झाली, वेगवान झाली आणि काम समजण्यापूर्वीच प्रोग्रॅम लिहिले जाऊ लागले. प्रोग्रॅम वेळेवर पुरे होईनात, खर्च आवरेना, झालेले काम चालेना. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश या गावी या विषयावर एक परिषद भरली आणि तिने 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हा शब्द रूढ केला. त्याच वर्षी एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचे एक छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले. प्रोग्रॅममध्ये वाटेल तेथून वाटेल तेथे उडी मारण्याची जी आज्ञा असे, ती घातक आहे, असे त्याने सांगितले. एकामागून एक, हे किंवा ते, आणि पुन्हा पुन्हा, या तीन रचनांतून कोणताही प्रोग्रॅम बांधता येतो, हे दोन वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. येथून 'संरचित' या शब्दाचे युग सुरू झाले. प्रथम प्रोग्रॅम संरचित झाला. १९७४ साली स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांच्या लेखाने आराखडा संरचित केला. मग लक्षात आले की, सुबक बांधलेला प्रोग्रॅमही चुकीचेच काम सुबकपणे करू शकतो! तेव्हा संरचनेची दृष्टी आणखी एक पायरी वर, म्हणजे काम समजून घेण्याच्या टप्प्यावर नेली गेली. टॉम डीमार्को यांचा ग्रंथ आणि ख्रिस गेन व ट्रिश सार्सन यांचा ग्रंथ हे दोन्ही १९७० च्या दशकाच्या अखेरीचे. डीमार्को क्रियेसाठी वर्तुळ काढतात, गेन-सार्सन गोल कोपऱ्यांचा चौकोन काढतात; भक्तांत मात्र या वर्तुळ-चौकोनावरून शैव-वैष्णवांसारखे वाद झाले. ते आपण सोडून देऊ.

आता तंत्राकडे वळतो. दुधाच्या रतीबात एक वर्तुळ पुरले. साखर कारखान्यात पुरणार नाही. म्हणून पहिला नियम पायऱ्यांचा. सर्वांत वरच्या नकाशात एकच वर्तुळ असते, म्हणजे सगळी प्रणाली. आणि भोवती बाहेरचे लोक. त्यावरून प्रणालीची शीव कळते. आपले काय आणि परके काय हे ठरते. मग त्या वर्तुळाच्या पोटात शिरायचे आणि पाच-सात वर्तुळे काढायची. त्यांपैकी तिसऱ्याच्या पोटात शिरलात तर त्यातल्या वर्तुळांना ३.१, ३.२ असे क्रमांक द्यायचे. एका कागदावर सातांहून फार अधिक वर्तुळे नकोत. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीविषयी जो 'सात' आकडा प्रसिद्ध केला, त्याची ही छाया. दुसरा नियम समतोलाचा. वरच्या नकाशातल्या वर्तुळात जे बाण शिरतात आणि जे निघतात, तेच खालच्या नकाशातही दिसले पाहिजेत. वाटेत काही हरवता कामा नये आणि वाटेत काही उपटताही कामा नये.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक वर्तुळापाशी थांबून विचारायचे की, यातून जी माहिती बाहेर पडते, ती आत शिरणाऱ्या माहितीवरून खरोखर तयार होऊ शकते काय? माहिती आत शिरते पण बाहेर काहीच येत नसेल, तर ते वर्तुळ म्हणजे कृष्णविवर. आत काही न शिरता बाहेर येत असेल, तर तो चमत्कार. आणि आत काहीतरी शिरते, पण बाहेर येणाऱ्या उत्तराला ते पुरत नाही, हा सर्वांत फसवा प्रकार. तो डोळ्यांना दिसत नाही, विचारावा लागतो.

नकाशाबरोबर दोन गोष्टी लागतात. एक कोश. बाणावर 'बिल' असे लिहिले, तर बिल म्हणजे नेमके काय हे कोशात लिहिलेच पाहिजे. त्यासाठी डीमार्को यांनी थोडी चिन्हे दिली. बेरजेचे चिन्ह म्हणजे 'आणि', महिरपी कंस म्हणजे 'पुन्हा पुन्हा येणारे', चौकोनी कंस म्हणजे 'यांपैकी एक', गोल कंस म्हणजे 'असल्यास'. दुसरी गोष्ट निर्णयाचा तक्ता. वर अटी, खाली कृती, आणि अटींच्या हो-नाहीचा प्रत्येक मेळ एका उभ्या रकान्यात. दोन अटींचे चार रकाने होतात, तीन अटींचे आठ. तक्त्याचा उपयोग असा की, 'असे कधी होतच नाही' म्हणून आपण जो रकाना मनातल्या मनात गाळतो, तो कागदावर रिकामा राहून आपल्याकडे पाहत बसतो.

हे सारे मी १९८० च्या दशकाच्या मध्यात पुस्तकातून शिकलो आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालो. त्यानंतर लगेच आमच्याकडे एका सहकारी साखर कारखान्याचे ऊसबिलांचे काम आले. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, आमची होती.

व्यवहार आपल्याला ठाऊकच आहे. सभासद ऊस नोंदवतो. गावचा चिटबॉय तोडणीची चिठ्ठी देतो. गाडी काट्यावर येते, भरल्या गाडीचे वजन होते, मग रिकामीचे, आणि निव्वळ वजनाची पावती मिळते. पंधरवडा संपला की, वजनाला दराने गुणून, सोसायटीचे कर्ज आणि इतर कपाती वजा करून, उरलेले पैसे सभासदाच्या खात्यावर जातात. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. तेव्हा घाई होतीच. मी कचेरीच्या अधीक्षकांपाशी चार दिवस बसलो आणि नकाशे काढले. वर्तुळे देखणी, बाण सरळ, समतोल बिनचूक.

कारखान्याच्या जुन्या वहीत उजवीकडे एक शेवटचा रकाना होता, शेऱ्याचा. त्यात काय असते असे विचारता अधीक्षक म्हणाले, "काही नाही हो, चिटबॉय काहीबाही लिहितात." पंचवीस पाने चाळली, बहुतेक ठिकाणी कोरा. कोश नीटनेटका राहावा म्हणून मी तो रकाना गाळला. कोणीही हरकत घेतली नाही.

हंगाम सुरू होऊन दीड-दोन महिने झाले असतील. एक बाई कचेरीच्या दारात येऊन बसल्या. तीन पंधरवडे त्यांचा ऊस काट्यावर गेला होता, पावत्या पदरात बांधलेल्या होत्या, आणि पैसे आले नव्हते. त्यांचे यजमान मागल्या उन्हाळ्यात वारले होते. वारसाची नोंद अजून व्हायची होती. यजमानांचे खाते थोरल्या दिरांबरोबर जोडीने होते आणि यंत्राने इमानेइतबारे सगळे पैसे त्या खात्यावर भरले होते. जुन्या वहीच्या शेऱ्यात चिटबॉयच्या अक्षरात चार शब्द होते : 'मयत. बिल पत्नीस द्यावे.' वही पाहणारा कारकून ते वाचून आजवर पैसे बाजूला काढून ठेवीत असे. मी त्यांना यंत्राची पद्धत समजावू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजी सायेब, आमचं मालक तुमच्या यंत्रात अजून जित्तं हायत व्हय?"

श्रोतेहो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या कारकुनाने गावी जाऊन दिरांची समजूत घातली आणि दोन हप्त्यांत पैसे परत मिळाले. पण मधल्या काळात मुलाच्या फीसाठी त्यांनी व्याजाने पैसे उचलले होते. ते व्याज कोणत्याही नकाशात आले नाही.

त्या रात्री मी नकाशे पुन्हा पसरले. चूक समोरच होती. 'बिल कोणास द्यावे हे ठरवणे' या वर्तुळातून सभासदाचे खाते बाहेर पडत होते, आणि आत शिरत होता फक्त सभासद क्रमांक. क्रमांकावरून खाते कळते. माणूस हयात आहे की नाही, हे कळत नाही. उत्तराला पुरेशी माहिती आत शिरतच नव्हती. मघाशी जो फसवा प्रकार म्हणालो, तो हाच. पुस्तकातला नियम मला पाठ होता. तो प्रश्न मी त्या वर्तुळाला विचारला नव्हता, इतकेच. निर्णयाच्या तक्त्यात 'सभासद हयात आहे काय?' ही अट मी घेतलीच नव्हती. ती सुचवणारा माणूस कचेरीत नव्हता, बांधावर होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावच्या चिटबॉयकडे गेलो. वय साठीच्या घरात. सगळे त्यांना तात्या म्हणत. मी नकाशा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "तात्या, यात चुकलंय काय ते सांगा." त्यांनी चष्मा पुसला आणि बोटाने बाण धरून चालू लागले. अर्ध्या तासात त्यांनी अकरा चुका काढल्या. वाटणीचा ऊस, बटईचा ऊस, गहाण पडलेले शेत, गाडी बदलली तर चिठ्ठीवर काय लिहायचे. प्रत्येकाची खूण शेऱ्यात. ज्याला आम्ही काहीबाही म्हणत होतो, ते त्या कामाचे मर्म होते. तात्यांना संगणक ठाऊक नव्हता, पण नकाशा वाचायला पाच मिनिटे पुरली. या तंत्राची खरी थोरवी मला तेथे कळली. हे नकाशे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासाठी आहेत असे आपण समजतो. ते मुळात काम करणाऱ्याने पाहून 'चूक' म्हणावे यासाठी आहेत. शंभर पानी लेखी अहवालावर तात्या अंगठ्यासारखी सही करून मोकळे झाले असते.

माझी चूक एका घराची होती. याच जातीची चूक शहराच्या पातळीवर झाल्याचे उदाहरण जगापुढे आहे. लंडनच्या रुग्णवाहिका-सेवेत फोनवर आलेली मदतीची हाक कागदी चिठ्ठीवर लिहून, सरकत्या पट्ट्यावरून गाडी पाठवणाऱ्यांकडे जात असे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी हे काम पूर्णपणे संगणकावर आणले गेले. कोणती गाडी कोठे आहे आणि मोकळी आहे की नाही, हे यंत्राला सदैव जवळजवळ अचूक कळेल, असे त्या पद्धतीत गृहीत धरले होते. प्रत्यक्षात रेडिओ काही भागांत पोचत नसे, गडबडीत बटणे चुकीच्या क्रमाने दाबली जात, नेमून दिलेली गाडी सोडून दुसरीच घेतली जाई. यंत्राचा समज आणि रस्त्यावरचे सत्य यांत अंतर पडत गेले. इशाऱ्यांच्या याद्या लांबल्या, एकाच ठिकाणी दोन गाड्या गेल्या आणि काही ठिकाणी एकही वेळेवर गेली नाही. दुसऱ्या दिवशीच काही काम पुन्हा हाती घ्यावे लागले. ४ नोव्हेंबरच्या पहाटे यंत्र पूर्ण थांबले आणि केंद्र कागदावर परतले. ते शेवटचे थांबणे प्रोग्रॅममधल्या एका बारीक चुकीने झाले हे खरे. पण पहिला घात त्या गृहीत धरलेल्या बाणाने केला होता. फेब्रुवारी १९९३ मधल्या चौकशी-अहवालात गाडीवरच्या माणसांना या कामात पुरेसे सामील करून घेतले नव्हते, हेही नमूद आहे. तेथेही शेऱ्याचा रकाना कोणीतरी गाळला होता.

आता या तंत्राचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर मी प्रचारक ठरेन. मूळ पद्धतीत आधी चालू कामाचा जसाच्या तसा नकाशा, मग त्याचा गाभा, मग नवा गाभा आणि शेवटी नवी रचना, अशा चार पायऱ्या होत्या. पहिल्याच पायरीवर वर्षे निघून जात आणि प्रकल्प रद्द होत. १९८४ साली मॅक्मेनामिन आणि पामर यांनी सुचवले की, बाहेर कोणती घटना घडली म्हणजे प्रणालीला प्रतिसाद द्यावा लागतो, तेथून सुरुवात करा. ऊस काट्यावर आला, ही घटना. पंधरवडा संपला, ही घटना. सभासद वारला, हीही घटनाच! ही यादी मी आधी केली असती, तर त्या बाई माझ्या दारात आल्या नसत्या. एड यूर्डन यांनीही १९८९ च्या आपल्या ग्रंथात त्या पहिल्या पायरीवर रेंगाळू नका, असा सल्ला दिला. पुढे वस्तुनिष्ठ रचनेची पद्धत आली. २००१ साली थोडे थोडे करून दाखवा आणि बदलत जा, असे म्हणणाऱ्या मंडळींचा जाहीरनामा आला. जाड अहवालांचे दिवस गेले, आणि गेले ते बरेच झाले. आज तर साध्या वाक्यात सांगितले की, यंत्रच प्रोग्रॅम लिहून देऊ लागले आहे.

मग हे जुने तंत्र आता शिकायचे कशाला, असे तरुण मंडळी विचारतील. माझे उत्तर असे की, प्रोग्रॅम लिहिण्याचे श्रम जितके कमी होतील, तितके काम नीट सांगण्याचे मोल वाढेल. चुकीचे सांगितलेले काम पूर्वी सहा महिन्यांनी चुकत असे. आता ते दुपारपर्यंत चुकून तयार होते. यंत्र आपल्याला हवे ते देते. आपल्याला काय हवे आहे, आणि आपण कोणाला विसरलो आहोत, हे ते आपण होऊन सांगेल अशा भरवशावर राहता येत नाही.

शिकायचे कसे, तेही सांगतो. पुस्तक एक आठवडा वाचा, अधिक नको. मग आपल्या ओळखीचे एखादे काम घ्या. गावच्या वाचनालयातली पुस्तकांची देवघेव घ्या, पतपेढीतली पिग्मी घ्या, गणेशोत्सवाची वर्गणी घ्या. चार खुणांनी नकाशा काढा. प्रत्येक बाणाला नाव द्या. नाव सुचत नसेल तर तो बाण आपल्याला समजलेला नाही. प्रत्येक वर्तुळाला क्रियापदाने हाक मारा. 'इतर कामे' असे नाव द्यावेसे वाटले तर तेथे खोदा. मग तो कागद घेऊन त्या कामातल्या सर्वांत खालच्या माणसाकडे जा आणि चूक काढायला सांगा. त्याने एकही चूक काढली नाही, तर समजा की, तो तुम्हाला भितो आहे, पुन्हा जा. आणि जुन्या वहीतला जो रकाना रिकामा दिसेल, तो गाळण्यापूर्वी तो कधी भरतात हे विचारा.

तात्या आता नाहीत. त्यांनी बोट फिरवलेला तो नकाशा मी जपून ठेवला आहे. त्यांच्या अकरा खुणा लाल शाईने त्यावर आहेत. विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना मी पहिल्या तासाला तो भिंतीवर लावत असे आणि त्या बाईंचा प्रश्न सांगत असे. पुस्तकातले नियम त्यानंतर.

 घरी गेल्यावर दुधाच्या कॅलेंडरवरच्या फुल्या एकदा पाहा आणि मारणाऱ्याला विचारा की, अर्धे दूध आले त्या दिवशी काय खूण करतात. उत्तर मिळाले की, या विद्येचा पहिला धडा आपला झाला. नमस्कार.